सरांची चूक

पाटोदा, जि. बीड
१८ जानेवारी

प्रिय सुन्या,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लांबलं त्याला माझा आळस कारण आहेच, पण निम्मं कारण सातवीचा वर्ग. पटावर ३२, बसतात १९. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. राहिलेली आजीआजोबांजवळ.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे ही पोरं सलग सातवं वर्ष इंग्रजी शिकतायत. तरी ‘बोल’ म्हटलं की माना खाली. चुकलो तर सगळे हसतील, ही धास्ती. आपण काही वेगळे नव्हतो म्हणा!

डीएडच्या हॉस्टेलवर कागद दुमडून आपण चावट गोष्टी लिहायचो, आठवतं? मागच्यानं लिहिलेलं वाचायचं नाही, घडी घालून पुढं सरकवायचं. तोच खेळ वर्गात काढला (चावटपणा वगळून). पॅरिसचे कवी-चित्रकार १९२५च्या सुमारास असंच खेळायचे, हे मला फार नंतर कळलं. आपल्याला तेव्हा कळलं असतं तर रेक्टरांना सांगता आलं असतं.

पाच जणांचा गट, एक लांब पट्टी. विशेषण, नाम, क्रियापद, एकेकानं एकेक शब्द लिहायचा. नामांच्या आधीचं ‘अ’ मी आधीच लिहून ठेवलेलं. पहिल्याच दिवशी घोळ घातला तो मी. सवयीनं क्रियापदाची घडी शेवटी ठेवली. पट्टी उघडली तर ‘अ ब्लू बफेलो अ सॅड टीचर ईट्स’. पोरांना त्यात काहीच वावगं दिसेना. कसं दिसणार, मराठीत म्हैस मास्तरला शेवटीच खाते! दुसऱ्या दिवशी क्रियापद मधल्या घडीत आणलं. फळ्यावर ‘कर्ता, क्रियापद, कर्म’ लिहून लिहून माझा खडू झिजला होता. इथं घडी हलवली नि काम झालं.

मग एका पट्टीवर ‘अ अँग्री गोट’ निघालं. मागून कुणीतरी ओरडलं, “सर, अॅन पाहिजे!” चूक कुणाची? ‘अ’ लिहिणाऱ्याची, म्हणजे माझी. सुन्या, वर्ग असा खूश झालेला मी पाहिला नव्हता. तेव्हापासून ‘अ’ मुद्दाम छापून ठेवतो, नि पोरं टपून बसतात.

‘अ हंग्री एसटी स्वॉलोज अ थिन हेडमास्टर’ हे पाच मुली एका सुरात वाचत होत्या तेव्हा हेडमास्तर दारात उभे. हसले नाहीत. “परीक्षेला येणार आहे का हे?” म्हणाले. नाही म्हणालो.

पुढचा डाव उसना आहे. केनेथ कोक नावाच्या कवीनं १९६८ साली न्यूयॉर्कच्या एका प्राथमिक शाळेत मुलांकडून एकेक ओळ लिहून घेतली. सुरुवात ‘आय विश’नं, ओळीत एक रंग, एक गाव किंवा देश, एक कॉमिकमधलं पात्र. सगळ्या ओळी मिळून एक कविता. मी पात्र गाळलं आणि इंग्रजी शब्द अडला तर मराठी घाला म्हटलं. नावं लिहायची नाहीत. ‘आय विश माय यलो कोंबडी गोज टू मुंबई’वर बराच वेळ हशा चालला. त्याच्या खालीच होतं, ‘आय विश ग्रीन ऊस ग्रोज इन पाटोदा, नॉट इन कोल्हापूर’.

अक्षर मी ओळखलं. ‘विश’नंतर ‘ग्रोज’च्या जागी ‘ग्र्यू’ हवं होतं. तेव्हा काही बोललो नाही. चार दिवसांनी कोंबडीच्या ओळीवर ‘वेंट’ शिकवलं, त्यातच ‘ग्र्यू’ही उरकून घेतलं.

आता मुद्द्याचं. मास्तरकी सोडून तू छापखाना सांभाळतोस त्याचा मला काही तरी उपयोग व्हायला हवा. कटिंगला उरलेल्या लांब पट्ट्या रद्दीत घालू नकोस. गठ्ठा बांधून एसटी पार्सलनं पाठव. जाड कागद नको, घडी नीट बसत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या