घास घशाखाली का उतरत नाही? अन्नमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अन्नमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

प्रथिनांची तूट भरून काढायला लोकांनी आजवर न खाल्लेले प्राणी खावेत, असे प्रस्ताव आता जगभर पुढे येत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला. माणसे खातात अशा कीटकांच्या १,९०० हून अधिक जाती त्यात मोजल्या आहेत. युरोपीय संघाने २०२१ मध्ये वाळवलेल्या मीलवर्मला, म्हणजे एका भुंग्याच्या पिवळट अळ्यांना, अन्न म्हणून परवानगी दिली. अशी फाइल आपल्यापुढे येईल तेव्हा तिच्यात 'जनजागृती' हे कलम हमखास असेल. लोकांना माहिती नाही म्हणून ते नाक मुरडतात, असे त्यात गृहीत धरलेले असेल. मी हे पत्र त्या एका कलमासाठी लिहिते आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझे बरेचसे काम रुग्णांच्या ताटाजवळ बसून चालते. नको असलेला मांसाचा तुकडा माणूस तोंडात घेतो, चघळतो, चघळतच राहतो, शेवटी गालात धरून ठेवतो. डोळ्यांत पाणी येते, पण गिळणे काही होत नाही. प्रथिने किती, लोह किती, हे त्याला तोंडपाठ असते. जगायची इच्छाही असते. अशा माणसाला अडाणी किंवा हट्टी म्हणताना मी अनेकांना ऐकले आहे आणि दर वेळी मला त्याचा राग आला आहे.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी किळस या भावनेवर अनेक वर्षे काम केले. त्यांच्या एका प्रयोगात लोकांसमोर सरबताच्या पेल्यात मेलेले झुरळ क्षणभर बुडवून काढले. झुरळ निर्जंतुक केलेले होते आणि तसे लोकांना आधीच सांगितले होते. तरी ते सरबत लोकांना नको झाले. जंतू नाहीत हे पटले होते, पण झुरळ शिवले होते ना! माहितीने शंका फिटते, शिसारी नाही, हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कशातून क्वचितच दिसते.

रोझिन यांचे आणखी एक निरीक्षण मला फार महत्त्वाचे वाटते. किळस येणारे अन्न बहुतेक वेळा प्राणिजच असते. एखादी भाजी आवडली नाही तर आपण ती बाजूला सारतो, तिच्यामुळे पोटात ढवळत नाही. मांसाचे तसे नाही. ते लवकर नासते, त्यातून रोग येतात, आणि ते कधीकाळी चालत, बघत, श्वास घेत होते. ही सावधगिरी माणसाच्या फार कामी आली आहे. एकदा एखादे अन्न खाऊन पोट बिघडले की पुढे कित्येक वर्षे त्याचा वाससुद्धा सहन होत नाही, ही त्याच जातीची राखण.

मात्र ही राखण नेमकी कुणाला अडवणार, हे आपण लहानपणी भोवतालच्या माणसांकडून शिकतो. कोळंबी आणि खेकडा आवडीने खाणारा माणूस नाकतोड्याला हात लावत नाही. खरे तर तिघेही संधिपाद, तिघांनाही जोडाचे पाय आणि वर कवच. कुणी सोबती म्हणून पाळलेला प्राणी खात नाही, कुणी घाणीत वावरणारा खात नाही, कुणाला धर्म अडवतो, आणि कुणाला ताटातून डोळे आपल्याकडे बघताहेत असे वाटते.

घोड्याचे बघा. पोप ग्रेगरी तिसरे यांनी ७३२ च्या सुमारास बोनिफेस यांना पत्र लिहून घोड्याचे मांस खाणे थांबवायला सांगितले. फ्रान्सने १८६६ मध्ये त्याच्या विक्रीला कायदेशीर मान्यता दिली. शेजारच्या ब्रिटनमध्ये ते आजही बहुतेकांना नकोसेच वाटते. २०१३ मध्ये युरोपात गोमांस म्हणून विकलेल्या तयार पदार्थांत घोड्याचे मांस निघाले, तेव्हा प्रकृतीला मोठा धोका नाही असे अधिकारी सांगत राहिले. लोकांचा संताप त्याने शमला नाही. आपल्याला न विचारता आपल्या पोटात काहीतरी घातले गेले, ही त्यांची जखम होती.

म्हणूनच अळ्यांचे पीठ नेहमीच्या पदार्थांत मिसळायचे आणि बारीक अक्षरांत कुठेतरी छापायचे, ही पळवाट आपण घेऊ नये. ज्यांना कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी आहे त्यांना कीटकांचीही होऊ शकते, हे कारण तर आहेच. पण ते नसते तरी मी हेच म्हटले असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नेहमीच्या मांसाची टंचाई होती. हृदय, गुर्दे असे एरवी टाळले जाणारे अवयव घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या प्रयोगात गृहिणींच्या काही गटांना व्याख्यान दिले गेले. त्यात जीवनसत्त्वे, देशकार्य, पाककृती सगळे होते. दुसऱ्या गटांना आपसांत बोलू दिले. वास कसा घालवायचा, घरच्यांनी तोंड वाकडे केले तर काय करायचे, यावर त्या बोलल्या आणि शेवटी करून बघणाऱ्यांनी हात वर केले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के बायकांनी पूर्वी कधी न केलेले मांस रांधले होते. आपसांत बोललेल्यांत हे प्रमाण ३२ टक्के होते.

महोदय, त्या ३२ टक्क्यांइतकेच उरलेल्या ६८ टक्क्यांकडेही बघा. त्याही बोलल्या होत्या, तरी त्यांनी ते मांस रांधले नाही. हे 'नाही' म्हणण्याची सोय आपल्या योजनेत हवी. शाळेतले मूल, रुग्णालयातला रुग्ण, तुरुंगातला कैदी, मदत-छावणीतले कुटुंब यांच्यापुढे एकच ताट येते. नव्या अन्नाचे प्रयोग सुरू करायला नेमकी हीच माणसे सोयीची वाटतात, आणि नेमकी त्यांच्यापासूनच सुरुवात होऊ नये. ज्याला दुसरे काही निवडता येते, त्याच्यापुढे ते आधी ठेवा. पाकिटावर प्राण्याचे नाव दर्शनी बाजूला, ठळक अक्षरांत छापा. जनजागृतीसाठी काढून ठेवलेल्या पैशांतला मोठा वाटा रांधणाऱ्या माणसांच्या बैठकांना द्या, आणि त्या बैठकांत आपल्या अधिकाऱ्यांना भाषण करायला नव्हे, ऐकायला बसवा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ