काळ्या मांजरावरचा आळ

कोल्हापूर,
१४ जून

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

ओवीनं पार्किंगमधून काळं पिल्लू उचलून आणलं आणि काकू "काळं मांजर घरात नको" म्हणून अडून बसल्या, हे तुझ्या पत्रातून कळलं. तू विचारलंयस, यात काही तथ्य आहे का? तथ्य नाही, पिल्लू ठेव. पण एवढ्यानं काकूंचं समाधान होणार नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही होत नाही. काळ्या मांजरानं माणसाचं काय वाकडं केलंय याचा मी बरीच वर्षं जमेल तसा माग काढतोय. आता तू विषय काढलाच आहेस, तर सगळं लिहितो. निवांत वाच.

आपल्याकडचं तुला ठाऊकच आहे. मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागं यायचं, क्षणभर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, नाहीतर दुसऱ्या कुणाला आधी पुढं जाऊ द्यायचं. (त्या दुसऱ्याचं काय होणार, याचा विचार कुणी करत नाही, हे मला लहानपणापासून खटकत आलंय.) आणि याच आपल्या घरांतून असंही सांगतात की मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं. म्हणजे आडवं गेलं तर अपशकुन, आणि त्याचा जीव घेतला तर महापाप. दोन्ही गोष्टी एकच आजी एकाच दमात सांगते.

हल्ली यामागचं 'शास्त्रीय कारण' म्हणून मोबाइलवर एक मजकूर फिरतो. पूर्वी रात्री बैलगाडीपुढून मांजर गेलं की त्याच्या चमकत्या डोळ्यांना बैल बुजायचे, म्हणून गाडी थांबवायची पद्धत पडली, असा. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. अंधारात पांढऱ्या मांजराचेही डोळे तितकेच चमकतात, कारण चमक येते ती डोळ्याच्या आतल्या पडद्यामुळे, केसांच्या रंगामुळे नव्हे. मग काळ्याचंच नाव का? श्रद्धेला असं नंतरून कारण चिकटवलं की ती जास्तच घट्ट बसते, असं माझं मत आहे.

युरोपात या प्रकरणाला एक लेखी पुरावा आहे. १२३३ साली पोप नवव्या ग्रेगरीनं जर्मनीतल्या धर्मगुरूंना आणि राजाला एक पत्र पाठवलं. तिकडे मार्बुर्गचा कोनराड नावाचा एक कडवा माणूस पाखंड्यांना हुडकून काढत होता, आणि त्याच्याकडून आलेल्या हकिकतींवर हे पत्र बेतलेलं होतं. त्यात पाखंड्यांच्या गुप्त सभेचं वर्णन आहे. नवा माणूस आला की आधी बेडकाचं चुंबन घ्यायचं, मग बर्फासारख्या गार, फिकट माणसाचं, आणि जेवणं झाली की एका मूर्तीवरून कुत्र्याएवढं काळं मांजर शेपूट वर करून उलट्या पावलांनी उतरतं! छळ करून, जिवाची भीती घालून वदवून घेतलेल्या कबुलीजबाबांत माणसं काय काय बोलतात, ते यात दिसतं. याच पत्रानं पोपनं मांजरं मारायचा हुकूम काढला, त्यामुळे उंदीर माजले आणि प्लेग आला, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नकोस. पत्रात मांजरं मारायचा हुकूम नाही, आणि प्लेगची मोठी साथ आली ती त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

पण मला सगळ्यात लागलेली गोष्ट इंग्लंडमधली आहे. एसेक्स परगण्यात, चेल्म्सफर्डला, १५६६ साली अ‍ॅग्नेस वॉटरहाउस नावाच्या म्हाताऱ्या, गरीब विधवेवर चेटकीण म्हणून खटला चालला. तिच्या मांजराचं नाव सेटन, म्हणजे सैतान, असं सांगितलं गेलं. त्या वेळी छापलेल्या चोपडीत सगळा कबुलीजबाब आहे. मांजर एका शेजारणीकडून मिळालेलं, मडक्यात लोकरीवर ठेवलेलं, काम केलं की त्याला बक्षीस म्हणून रक्ताचा थेंब द्यायचा. पुढे बाईला ती लोकर हवी झाली, तेव्हा तिनं मांजराचा बेडूक करून टाकला म्हणे. मंदार, लोकरीच्या तुकड्यासाठी जिला इतका विचार करावा लागतो, तिच्या हाताशी खरंच सैतान असता तर तिनं आधी काय मागितलं असतं? जुलै १५६६ मध्ये तिला फासावर दिलं. आणि हे मांजर काळंसुद्धा नव्हतं. चोपडीत स्पष्ट लिहिलंय, पांढऱ्या ठिपक्यांचं. काळा रंग पुढच्या लोकांनी सांगताना चढवला असावा, भीतीला तो शोभतो म्हणून.

बेल्जियममधल्या ईप्र गावात तर बाजारपेठेच्या बुरुजावरून जिवंत मांजरं खाली फेकत. लोकर साठवायच्या गोदामांत उंदरांसाठी पाळलेली मांजरं लोकर विकली गेली की नकोशी व्हायची, असं एक कारण सांगतात. दुसरं अर्थात चेटकाचं. शेवटचं जिवंत मांजर १८१७ साली फेकलं गेलं. आता तिथं दर तीन वर्षांनी मे महिन्यात मिरवणूक निघते आणि विदूषकाच्या वेषातला माणूस कापडी मांजरं फेकतो, ती झेलायला पोरांची झुंबड उडते. मला तो सोहळा बघवणार नाही, पण निदान कापडी आहेत.

आता याच इंग्लंडची दुसरी बाजू बघ. यॉर्कशरमधल्या स्कारबरो बंदरात दर्यावर्दी माणसांच्या बायका घरात मुद्दाम काळं मांजर पाळायच्या, नवरा समुद्रावरून सुखरूप परत यावा म्हणून. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या लोकसमजुती गोळा करणाऱ्यांनी नोंदवलंय की काळ्या मांजराला तिथं इतका भाव होता की दुसऱ्या कुणाकडे ते टिकतच नसे, चोरीलाच जाई. तोच देश, तोच प्राणी, तोच रंग. वादळी रात्री चुलीपुढं बसलेल्या त्या बाईला दाराबाहेरच्या समुद्राचं काही करता येत नव्हतं. मांजराला दूध घालणं तेवढं तिच्या हातात होतं. तिला मी अंधश्रद्धाळू म्हणू शकत नाही.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात पुन्हा उलटं. तिथं छातीवर पांढरा ठिपका असलेलं एक मोठं काळं मायावी मांजर प्रेतावरून उडी मारून आत्मा पळवतं, असं मानत. म्हणून प्रेताच्या खोलीत विस्तव ठेवायचा नाही, कारण मांजराला ऊब आवडते; आणि रात्रभर कोडी घालत, गाणी म्हणत जागायचं. चीनमध्येही प्रेतावरून मांजर गेलेलं चालत नाही. प्रेत रात्री एकटं ठेवू नये, हे तर आपल्याकडेही पाळतात. इतक्या लांबलांबच्या लोकांना एकच धास्ती वाटावी, याचं मला नवल नाही वाटत. मेलेल्या माणसाजवळ जागायला काहीतरी निमित्त लागतंच.

हे सगळं वाचताना माझ्या ध्यानात आलं की मांजराकडे कुणी धड बघितलेलंच नाही. कुणाला पाखंडी हवे होते, कुणाला चेटकीण, कुणाला समुद्रावर इलाज. अपवाद मला एकच मिळाला, तोही थेट जपानमध्ये. तिथला उदा नावाचा सम्राट, विशी नुकतीच ओलांडलेला, ८८९ साली आपल्या रोजनिशीत मांजराबद्दल लिहितो. क्यूशू बेटावरून परतलेल्या एका अधिकाऱ्यानं ते त्याच्या वडिलांना भेट दिलेलं, वडिलांनी ते मुलाला दिलं. सम्राट लिहितो की बाकीची मांजरं फिकट काळी असतात, हे मात्र शाईसारखं गडद आहे. अंग आखडून बसलं की काळ्या बाजरीच्या दाण्याएवढं होतं आणि ताणलं की ओढलेल्या धनुष्यासारखं लांब. चालताना त्याचा आवाज येत नाही, जणू ढगांवरून जाणारा काळा ड्रॅगन. रोज सकाळी त्याला दुधाची पेज देतो, हेही लिहिलंय. शकुन नाही, अपशकुन नाही. अकराशे वर्षांपूर्वीचा एक तरुण आपल्या मांजराकडे टक लावून बघतोय, एवढंच. तिथं पुढे काळं मांजर शुभ ठरलं; दुकानात पंजा उंचावून बसलेली मांजराची जी मूर्ती असते ना, तिच्यातली काळी अरिष्ट टाळणारी मानतात.

तूही तसंच बघ. पिल्लू सकाळच्या कोवळ्या उन्हात आलं की त्याच्या पाठीवर, पायांवर नजर ठेव. काळ्याखाली पुसट पट्टे दिसतील. प्रत्येक मांजरात ती नक्षी असतेच. केसाकेसावर फिकट पट्टा उठवणारं एक जनुक काळ्या मांजरात बंद पडलेलं असतं, म्हणून नक्षी झाकली जाते. ते बंद पडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही यावं लागतं. काळा बिबट्याही त्याच जनुकातल्या बिघाडानं काळा होतो. आपल्या ताडोबात असा बिबट्या दिसतो, आणि तो रस्त्यात आडवा गेला तर जीपमधली माणसं जन्माचं भाग्य उजळलं म्हणतात. कुणी दोन पावलं मागं येत नाही.

पण हे जनुकाचं काकूंपुढं काढू नकोस. माझ्या शेजारच्या बंगाली बाईंनी मला सांगितलेली गोष्ट त्यांना सांग. बंगालात षष्ठीदेवीच्या व्रताला ती म्हणतात. एका घरची धाकटी सून भारी खादाड. दूध, मासे, मिठाई चोरून खायची आणि आळ घालायची घरच्या काळ्या मांजरीवर. मांजरीला मार बसायचा. आता ही मांजर म्हणजे षष्ठीचं वाहन. तिनं जाऊन देवीकडे गाऱ्हाणं केलं. पुढे सुनेला मूल झालं की रात्रीतून मांजर ते उचलून देवीच्या मांडीवर नेऊन ठेवी. एकामागून एक मुलं नाहीशी झाली, तशी गावात कुजबुज सुरू झाली की ही बाईच डाकीण आहे, आपलीच पोरं खाते. शेवटच्या खेपेला सून मांजरीमागे धावत रानात गेली. बघते तर देवीच्या भोवती तिची सगळी मुलं खेळतायत. देवी म्हणाली, माझी नको, हिची क्षमा माग. सुनेनं मांजरीचे पाय धरले, तेव्हा मुलं परत मिळाली.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला होता. आळ आधी मांजरीवर, मग त्याच बाईवर. अ‍ॅग्नेस वॉटरहाउसला असं रानात नेऊन सोडवणारं कुणी भेटलं नाही.

आणि ही षष्ठी काकूंना परकी नाही. ओवीच्या पाचवीला पाटा-वरवंटा मांडून, कोरा कागद आणि पेन ठेवून त्यांनी जिची पूजा केली, ती सटवाई हीच. ओवीचं नशीब लिहायला आलेल्या देवीचं वाहन आता ओवीच्याच हाताला लागलंय, असं त्यांना सांग. हे मी त्यांना पटवायची युक्ती म्हणून लिहीत नाही, मला मनापासून तसं वाटतं.

बाकी कामाचं. गाईचं दूध देऊ नकोस, पोट बिघडतं. पिल्लांचं तयार खाणं मिळतं ते आण. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचून घे, आणि पुढे नसबंदीचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेव. सोसायटीत कुणी कुरकूर केली तर भांडू नकोस, मला फोन लाव, मी बोलतो त्यांच्याशी. नाव काय ठेवलं ते मात्र ओवीच्याच अक्षरात कळव.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, ओवीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
सुधीर