बाप्तिस्मा एकदाच होतो

एडिंबरो,
रविवार, रात्री

ती. आई व बाबा यांना सप्रेम सलाम.

गेल्या रविवारी छकुलीचा बाप्तिस्मा झाला. ते कळवले तेव्हा आई म्हणाली, "नगरला आलात की पाळकसाहेबांना सांगून पुन्हा एकदा करून घेऊ," आणि बाबा काहीच बोलले नाहीत. त्या न बोलण्याचे उत्तर फोनवर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

आई, पुन्हा करता येणार नाही. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने पाणी घातले गेले की बाप्तिस्मा झाला, तो एकदाच. आणि तो स्कॉटलंडच्या मंडळीत झाला म्हणून नगरच्या मंडळीला परका ठरत नाही. दुसऱ्यांदा करणे म्हणजे या दोन वेगवेगळ्या मंडळ्या आहेत असे आपणच कबूल करणे होईल. नगरला आल्यावर उपकारस्तुतीची प्रार्थना अवश्य करू.

तुझ्या लग्नाच्या पांढऱ्या साडीचे झबले तिला जरा सैलच झाले, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. इथे धर्मपिता-धर्ममाता असावेतच असा नियम नाही. ते काम सगळी मंडळी अंगावर घेते. आम्ही दोघांनी कबुली दिल्यावर पाळकबाईंनी उपासकांकडे वळून, या बाळाला विश्वासात वाढवायला तुम्ही साहाय्य कराल का, असे विचारले, तेव्हा चाळीसएक माणसे, त्यांतली बरीचशी काठी टेकत येणारी, बाकांचा आधार घेत उठून उभी राहिली. त्यांतल्या निम्म्यांची नावेही मला ठाऊक नाहीत. पाणी घालण्याआधी बाळाकडे पाहूनच काही शब्द म्हणतात (ते फ्रान्समधल्या सुधारित, म्हणजे रिफॉर्म्ड, मंडळीकडून इथल्या उपासनेत आले आहेत): ख्रिस्ताने जे केले ते तुझ्यासाठी केले, तुला ते अजून कळत नसले तरी. मग तिच्यासाठी गायले ते बायबलच्या गणना या पुस्तकातल्या सहाव्या अध्यायातले आशीर्वचन, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो," जे आपल्याकडे उपासना संपताना पाळकसाहेब हात उंचावून देतात. भाषा इंग्रजी होती, पण माझ्या कानांत ते मराठीतच वाजले.

बाहेर आल्यावर एका आजींनी छकुलीच्या मुठीत चांदीचे जुने नाणे ठेवले. बाळ पहिल्यांदा पाहताना तसे करण्याची इथली जुनी रीत आहे. आपल्याकडेही बाळाच्या हातावर काहीतरी ठेवल्याशिवाय कोणी उठत नाही, हे मी त्यांना सांगितले, तर त्यांना भारी गंमत वाटली.

आत्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही. ज्या जिवाला भूक आणि झोप यांपलीकडे काही कळत नाही, त्याने विश्वासाची कबुली द्यायची कशी, हे ती विचारते ते रास्त आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यांत फक्त जाणत्यांनाच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते, आणि म्हणून अर्भकाचा बाप्तिस्मा व जाणत्या वयात स्वतः मागून घेतलेला बाप्तिस्मा या दोन्ही रीती तिथे एका छताखाली नांदू लागल्या. आपल्या एका घरात त्या नांदायला हरकत नसावी. माझ्यापुरते म्हणाल, तर छकुलीला आपली म्हणायला आपण तिच्या कळण्याची वाट पाहिली नव्हती. तिची स्वतःची कबुली ती मोठी झाल्यावर, दृढीकरणाच्या विधीच्या वेळी देईल, किंवा देणार नाही. ते आपल्या हातात नाही.

बाबा, तुम्हाला वाईट वाटले ते मला कळते. खापरपणजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे गाव सुटले, भावकीने पाणी तोडले. त्यानंतर नगरची मंडळी हेच त्यांचे गणगोत झाले. त्या मंडळीच्या नोंदवहीत आपल्या घरातली पाच पिढ्यांची नावे आहेत, आणि सहावी दुसऱ्याच वहीत गेली. पण गणगोत नसलेल्या माणसांना आपले म्हणून उभे राहणारे कोणी भेटावे, हे त्यांना जसे तिथे लाभले, तसेच आम्हाला इथे लाभले. या गावात आमचे तरी दुसरे कोण आहे?

डिसेंबरात येताना झबले आणते. वहिनीच्या बाळाला ते होईल. त्याचा बाप्तिस्मा आम्ही तिथे असतानाच ठेवा, म्हणजे पाळकसाहेबांनी मंडळीला विचारले की उभे राहणाऱ्यांत मीही असेन.

तुमची,
बेबी