अण्णा, 'लोकांना विचारा' म्हणजे नक्की कुणाला?

झ्युरिक,
७ डिसेंबर २०२५

तीर्थरूप अण्णांस,
शुभाचा साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागदावर भांडते. परवा तुम्ही ठणकावून सांगितलंत, "तुझ्या त्या स्वित्झर्लंडसारखं आपल्याकडे व्हायला हवं. प्रत्येक मोठा प्रश्न सरळ लोकांना विचारायचा. आमदार-खासदार मधे हवेत कशाला?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन आईकडे दिलात. आता निवांत वाचा.

तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. ते आधी सांगते.

गेल्या रविवारी, ३० नोव्हेंबरला, इथे दोन प्रश्नांवर देशभर मतदान झालं. पहिला प्रश्न असा, की ५ कोटी फ्रँकांहून मोठा वारसा कुणाला मिळाला तर वरच्या रकमेवर ५० टक्के कर लावावा आणि तो पैसा हवामानबदलाच्या कामाला वापरावा. समाजवादी पक्षाच्या तरुण मुलांनी तो आणला होता. दुसरा, प्रत्येक तरुणाने, मुलींनीसुद्धा, सैन्यात किंवा समाजाच्या कामात सक्तीने सेवा द्यावी. दोन्ही आपटले. पहिल्याच्या विरोधात ७८ टक्के, दुसऱ्याच्या विरोधात ८४. रेल्वेगाड्या बनवणाऱ्या श्टाडलर कंपनीचे पीटर श्पूलर यांनी आधीच जाहीर केलं होतं, की असा कर येणार असेल तर मला देश सोडावा लागेल. तुम्ही म्हणाल, श्रीमंतांनी घाबरवलं आणि हे घाबरले. असेलही. पण २०१२ साली सगळ्यांना वर्षाला सहा आठवडे भरपगारी रजा द्यावी, हा प्रस्तावही याच लोकांनी फेटाळला. दर तीन मतांतली दोन विरोधात. छोटे धंदे मोडतील, म्हणे. आपल्या कचेऱ्यांत हे मतदान घेतलं असतं तर निकाल मोजायला माणूस मिळाला नसता, सगळे रजेवर गेले असते.

पद्धत तुम्हाला आवडेल. १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवल्या तर राज्यघटना बदलण्याचा प्रस्ताव देशापुढे ठेवता येतो. संसदेने केलेला कायदा आवडला नाही तर १०० दिवसांत ५० हजार सह्या, की तो कायदा लोकांपुढे. वर्षाकाठी मतदानाचे चार रविवार असतात. आर्मिन कापाउल नावाच्या एका डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याने गाईंच्या शिंगांसाठी असा प्रस्ताव आणला होता. इथे वासरांची शिंगं लहानपणीच डागून टाकतात. जो शेतकरी शिंगं राखेल त्याला सरकारने पैसे द्यावेत, एवढंच त्याचं मागणं. २०१८ मध्ये तो हरला, पण ४५ टक्के मतं घेऊन. गाईच्या शिंगांवर अख्खा देश महिनोन्महिने वाद घालतो आहे आणि एकही दुकान फुटत नाही, हे बघून तुमची फार आठवण झाली होती.

मतदानाआधी काही आठवडे घरी पाकीट येतं आणि त्यात सरकारची एक लाल पुस्तिका. सरकारचं मत काय ते त्यात असतंच, पण प्रस्ताव आणणाऱ्यांनाही त्याच पुस्तिकेत आपली बाजू आपल्या शब्दांत मांडायला जागा असते. सरकारी खर्चाने सरकारच्या विरोधातला मजकूर घरोघर जातो. इथपर्यंत तुम्ही शंभर टक्के बरोबर.

आता उरलेलं अर्धं. ते पाकीट माझ्या घरी येत नाही. पुस्तिका मी वाचते ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींची. या देशात राहणाऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक माझ्यासारखे परदेशी आहेत. कर भरतात, मुलं इथल्या शाळेत घालतात, देशपातळीवर मत देऊ शकत नाहीत.

याच आजींची गोष्ट ऐका. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. १९५९ मध्ये बायकांना मताचा हक्क द्यावा का, असा प्रश्न इथे विचारला गेला. विचारला कुणाला? पुरुषांना, कारण मतदार तेच होते. ६७ टक्क्यांनी 'नाही' म्हटलं. आजींच्या वडलांनीही तेच मत दिलं होतं. त्यांच्या आईने त्या दिवशी नेहमीसारखा स्वयंपाक केला, असं आजी अगदी सहज सांगतात. हक्क मिळाला १९७१ मध्ये. आपल्या आजीने, जिला सहीसुद्धा धड येत नव्हती, त्याच्या वीस वर्षं आधी मत दिलेलं होतं. अप्पेनझेल इनर्‍होडेन या चिमुकल्या कँटनने (कँटन म्हणजे इथलं राज्य) तर कहर केला. तिथे वर्षातून एकदा चौकात सभा भरते आणि हात वर करून निर्णय होतात. पुरुष कमरेला तलवार लावून येतात, तीच त्यांची मतदार असल्याची खूण. १९९० च्या एप्रिलमध्येही त्या सभेने बायकांना नकार दिला. त्याच नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो नकार मोडून काढला. म्हणजे अण्णा, लोकांना विचारलं होतं. वारंवार विचारलं होतं. शेवटी ज्यांना लोकांनी थेट निवडून दिलं नव्हतं अशा न्यायाधीशांपर्यंत जावं लागलं.

आणखी एक उदाहरण, आणि हे मला रात्री झोपू देत नाही. ल्युसर्नजवळ एमेन नावाचं गाव आहे. तिथे कुणाला नागरिकत्व द्यायचं हे गावकरी गुप्त मतदानाने ठरवायचे. मार्च २००० मध्ये २३ अर्ज मतदानाला आले. अर्जदार कोण, कुठले, काय काम करतात, याचं माहितीपत्रक घरोघर वाटलेलं. इटलीच्या चार कुटुंबांचे अर्ज मंजूर झाले. बाकीचे एकोणीस, बहुतेक युगोस्लाव्हियाकडून आलेल्यांचे, नामंजूर. कारण कुणी द्यायचा प्रश्नच नव्हता, मतपेटीला कारण विचारता येत नाही. २००३ मध्ये न्यायालयाने नेमकं हेच म्हटलं, की कारण न देता एखाद्याचा अर्ज फेटाळता येणार नाही, तेव्हा अशी मतदानं बंद. उजव्या पक्षाने तो अधिकार गावांना परत मिळवून देण्यासाठी २००८ साली देशव्यापी मतदान घडवलं, आणि (हे तुमच्या बाजूचं आहे, प्रामाणिकपणे लिहिते) ६४ टक्के लोकांनीच तो अधिकार नको म्हटलं.

त्याच्या पुढच्याच वर्षी मशिदींवर नवे मिनार बांधायला बंदी मंजूर झाली, ५७ टक्क्यांहून जास्त मतांनी. तेव्हा साऱ्या देशात मिनार होते चार.

आता नवा वाद. स्विस पीपल्स पार्टी नावाचा पक्ष इथला सगळ्यात मोठा. त्यांनी सह्या जमवून प्रस्ताव दिलाय, की २०५० च्या आधी देशाची लोकसंख्या १ कोटीच्या वर जाता कामा नये. आज ती ९१ लाखांच्या आसपास आहे. ९५ लाखांना पोचली की निर्वासितांना आणि बायकामुलांना बोलावून घेण्यावर कडक बंधनं, आणि १ कोटी ओलांडली तर शेवटी युरोपीय संघाबरोबरचा मुक्त ये-जा करण्याचा करारच मोडायचा. मतदान पुढच्या वर्षी. तुम्ही हसाल, की मुंबईएवढीही वस्ती नाही आणि यांना गर्दी होते! पण हसून सोडू नका. झ्युरिकमध्ये भाड्याचं घर बघायला गेलं की जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग असते. सकाळच्या गाडीत उभं राहावं लागतं. आजींच्या मुलीला आईच्या जवळपास घर परवडत नाही. ही रड खरी आहे. फरक एवढाच, की घरं कमी का बांधली जातात, भाडी कोण वाढवतं, हे प्रश्न मतपत्रिकेवर नाहीत. मतपत्रिकेवर माणसं आहेत. आकडा छापायला सोपा, भिंतीवर रंगवायला त्याहून सोपा.

आजी या प्रस्तावाला हो म्हणणार आहेत. मला तोंडावर सांगितलं. त्यांच्याकडे मी नाताळाच्या बिस्किटांचं पीठ मळत होते तेव्हाच विचारलं, "मग मी जाऊ का परत?" तर म्हणाल्या, "छे गं, तू नाही. बाकीचे." मी म्हटलं, मतपत्रिकेवर तशी सोय आहे का, तू सोडून बाकीचे? त्यावर त्यांनी डॉक्टरांपासून रुग्णालयातल्या सफाईवाल्यांपर्यंत कोण कोण परदेशी आहेत ते स्वतःच मोजायला घेतलं आणि वैतागून म्हणाल्या, "मला माहीत आहे सगळं. पण कुणीतरी कुठेतरी थांबा म्हणायला पाहिजे ना." यावर मला अजून चांगलं उत्तर सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. बिस्किटं मात्र डबाभर दिली.

हे सगळं तुम्हाला परकं वाटत असेल तर गोवा आठवा. १६ जानेवारी १९६७. आपल्या देशात 'लोकांना विचारा' म्हणतात ते फार थोड्या वेळा झालंय, त्यातलं एक आपल्या बांद्याच्या नाक्यापलीकडे झालं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, वेगळं राहायचं तर दोन पानं. तुमच्या तोंडून ही गजाल इतक्यांदा ऐकली आहे, की आकडे मला पाठ आहेत: विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार, विरोधात १ लाख ७२ हजार. चौतीस हजारांनी हुकलं, असं तुम्ही अजूनही हळहळून सांगता. पेडण्याच्या आत्तेने फुलावर शिक्का मारला, हे अभिमानाने. पण अण्णा, तुम्ही कधी असं म्हटलं नाहीत, की महाराष्ट्रात गोवा घ्यायचा होता तर महाराष्ट्रालाही विचारायला हवं होतं. सावंतवाडीला कुणी विचारलं? नाही विचारलं, आणि ते मला योग्यच वाटतं, कारण निर्णय गोवेकरांच्या घराचा होता. म्हणजे तुम्हालाही मान्य आहे, की आधी कोण 'लोक' हे ठरतं आणि मग मत मोजलं जातं. ते पहिलं ठरवायला मतदान झालं, तरी बाहेर उरलेल्यांना त्यात मत नसतं, इथेही. त्या सार्वमताचं एक मला फार आवडतं. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः विलीनीकरणवाले; तरी मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून मुख्यमंत्रिपद आधी सोडलं. हरले, आणि दोनच महिन्यांनी त्याच गोवेकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. मत एका प्रश्नावर दिलं, माणसावर राग धरला नाही. असं शहाणपण शोधायला आल्प्सपर्यंत यायची गरज नाही.

बाळूदादाला विचारा, तोही सांगेल. २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, हे विचारलं तेव्हा दादा लेस्टरला नोकरीला होता, खिशात भारतीय पासपोर्ट. त्याला मत होतं, कारण आपण राष्ट्रकुलातले. त्याच्या शेजारी वीस वर्षं राहणाऱ्या पोलिश कुटुंबाला, ज्यांचं राहणंच पणाला लागलं होतं, त्यांना नव्हतं. दादाने दिलं 'राहू या' म्हणून. निकाल ५२ विरुद्ध ४८.

सगळीकडे असं नाही म्हणा. इथल्याच न्यूशातेल कँटनमध्ये परदेशी लोकांना गावच्या कारभारात १८४९ पासून मत आहे. तिथले डोंगर अजून जागेवर आहेत.

आईसाठी एक. इथल्या लोकांना मी आपल्या आडव्या बाटलीची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांचे डोळे विस्फारले. गावातल्या चतुर्थांश बायकांनी अर्ज केला की दारूच्या दुकानावर मतदान, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आणि नियम किती कडक! नुसत्या पडलेल्या मतांतून नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली निवडायला हवी. इथे निम्मे मतदार फिरकले नाहीत तरी निकाल लागतो; गेल्या रविवारी जेमतेम ४३ टक्के आले होते. आईच्या माहेरी पहिल्या वेळी बाटली उभीच राहिली, कारण भातलावणीच्या दिवसांत तारीख ठेवली होती. तारीख कुणी ठेवली, तेही आईला विचारा. ती नाव घेऊन सांगेल.

मी इथल्या गावच्या सभेला मागे जाऊन बसले होते. पाहुण्यांसाठी बाजूला खुर्च्या असतात, मत नसलेल्यांनी तिथे बसायचं. शाळेच्या इमारतीचा खर्च, रस्त्याचे दिवे, आणि चक्क पुढच्या वर्षीचा गावचा कराचा दर, सगळं हात वर करून. एका म्हाताऱ्याने कर वाढवायच्या बाजूने भाषण केलं आणि टाळ्या घेतल्या. तो क्षण तुम्हाला दाखवायला हवा होता.

तर आता तुमच्यावर येते. आपल्या ग्रामसभा वर्षातून चार, इथल्या मतदानाच्या रविवारांइतक्याच. २६ जानेवारीची जवळ आली. गेल्या खेपेला तुम्हीच सांगितलंत, शंभर माणसं जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही म्हणून पुढच्या वेळी पंधरा जणांत सगळे ठराव मंजूर. त्या पंधरांत तुम्ही होता का? नसाल तर कुठे होता, वाचनालयात बसून स्वित्झर्लंडचं कौतुक करत? या वेळी जा. आणि वाडीमागच्या चिऱ्याच्या खाणीवर काम करणारी बिहारची नि ओडिशाची जी माणसं पत्र्याच्या खोल्यांत राहतात, त्यांच्या पाण्याचा विषय कुणी काढतं का ते बघा. त्यांची नावं आपल्या मतदारयादीत नाहीत, तेव्हा कुणी काढणार नाही. तुम्ही काढा. सरपंच काय म्हणतो ते मला सविस्तर लिहा. फोनवर नको, फोनवर तुम्ही निष्कर्षच सांगता.

आईला नमस्कार. तिच्यासाठी गुडघ्याचं मलम पाठवते आहे, दोन वेळा लावायचं, तुम्ही वापरायचं नाही. कोकमं संपत आली आहेत.

तुमची,
शुभा