प्लेटलेटच्या आकड्याबद्दल, सुहासला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला रिपोर्ट नीट वाचला. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, ६८,००० आणि शेजारी खाली तोंड केलेला बाण. तो बाण बघून रात्रभर झोप लागली नाही असं लिहिलंस, ते समजू शकतो. पण तुला ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, दात घासताना रक्त येत नाही, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी जागेवर आहेत, आणि मागच्या वर्षी हाच आकडा २,३०,००० होता. इतकं सगळं ठीक असताना एकटा प्लेटलेटचा आकडा कोसळला असेल, तर मी आधी त्या आकड्यावरच संशय घेईन.

हा आकडा येतो कसा ते सांगतो. एका मायक्रोलिटर रक्तात दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असणं सर्वसाधारण समजतात. (काही लॅब हेच १५० ते ४५० असं छापतात. एकक वेगळं, अर्थ तोच.) बहुतेक मशिनं पेशी ओळखतात ती आकारावरून. बारीक छिद्रातून पेशी एकेक करून जातात, आणि साधारण २ ते २० फेम्टोलिटर (पेशींचं आकारमान मोजायचं अतिसूक्ष्म एकक) आकाराचं जे काही गेलं ते मशिनच्या हिशेबी प्लेटलेट. त्यामुळे खूप मोठी प्लेटलेट मोजणीतून सुटते, आणि फुटलेल्या लाल पेशीचा तुकडा प्लेटलेट म्हणून मोजला जातो. चार प्लेटलेट एकमेकींना चिकटून गेल्या, तर मशिनला त्या चार दिसतच नाहीत. गठ्ठा मोठा असेल तर तो कधी कधी पांढऱ्या पेशींत जमा होतो.

चिकटण्याची कारणं दोन. पहिलं म्हणजे रक्त काढताना झालेली हयगय. शीर सापडायला वेळ लागला, रक्त थेंबाथेंबाने आलं, किंवा जांभळ्या टोपणाची ट्यूब भरल्यावर आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, की गुठळ्या धरू लागतात. ट्यूब जोरात हलवणंही चुकीचंच. दुसऱ्या कारणात कुणाचीच चूक नसते. त्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काही थोड्या माणसांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असतात, की ईडीटीएच्या सान्निध्यात प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. शरीरात मात्र त्या सुट्याच फिरत असतात. ट्यूब जितकी जास्त वेळ पडून राहील तितका आकडा आणखी खाली जातो. याला खोटी घट म्हणतात, आणि तिच्यावर काहीही उपचार लागत नाही. म्हणूनच ती ओळखणं फार महत्त्वाचं. नुसत्या ट्यूबमधल्या गुठळ्यांपायी माणसाची बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्तपेशी बनतात) काढून तपासायची वेळ येऊ नये.

आता करायचं ते असं. लॅबला सांग, ‘स्मिअर बघा आणि निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पुन्हा मोजा.’ उपाशीपोटी जायची गरज नाही. निळ्या ट्यूबमध्ये ईडीटीएऐवजी सायट्रेट हे रक्त गोठू न देणारं दुसरं द्रव्य असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग. ट्यूब खुणेपर्यंत भरली पाहिजे, आणि रक्त तेवढं पातळ होत असल्याने आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं. म्हणजे १,९०,००० आले तर खरे २,०९,०००. हे गुणायचं बऱ्याचदा राहून जातं, तेव्हा मुद्दाम विचार. क्वचित कुणाच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात. तसं झालं तर रक्त काढल्याकाढल्या लगेच मोजून घेतात.

स्मिअर म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर. माझा भरवसा मशिनपेक्षा त्यावर जास्त. शंभरच्या भिंगाखाली तेल घालून पाहिलं, की लाल पेशींच्या मधे बारीक जांभळट, कणीदार ठिपके दिसतात. त्या प्लेटलेट. एका दृश्यातली (भिंगातून एका वेळी दिसणाऱ्या भागातली) एक प्लेटलेट म्हणजे ढोबळमानाने १५ ते २० हजार. तुझे ६८,००० खरे असतील तर दर दृश्यात जेमतेम चार दिसतील. मात्र फक्त मधला भाग पाहून उठायचं नाही. गठ्ठे थराच्या शेपटीकडे, कडेला जाऊन बसतात, आणि घाईत तेच नजरेतून सुटतात.

समजा घट खरीच निघाली, तरी लगेच हातपाय गाळू नकोस. पन्नास हजारांच्या वर असताना आपोआप रक्तस्राव सहसा होत नाही, बहुतेक शस्त्रक्रियाही होतात. मेंदूच्या शस्त्रक्रियेला मात्र एक लाखाच्या आसपास लागतात. खरी काळजी वीस हजारांच्या खाली, आणि दहा हजारांच्या खाली तर फारच. पण प्लेटलेट जेमतेम आठ-दहा दिवस जगते आणि मॅरो सतत नव्या बनवत असते, त्यामुळे एका आकड्यापेक्षा दोन-तीन दिवसांचा कल जास्त सांगून जातो. दोन्ही वेळा लॅब एकच ठेव. मशिन बदललं की आकडा थोडाफार हलतोच.

तू चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखव. काही औषधांनी प्लेटलेट खरोखर कमी होतात. ॲस्पिरिनचं वेगळं आहे. तिने आकडा तसाच राहतो, पण प्लेटलेटचं काम मंदावतं, आणि हे या तपासणीत दिसत नाही. मनाने कुठलीच गोळी बंद करू नकोस, आणि निकाल येईपर्यंत अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखं काही घेऊ नकोस.

मात्र पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, नाकातलं रक्त थांबेना, शौच काळी झाली किंवा अचानक डोकं असह्य दुखू लागलं, तर दुसऱ्या रिपोर्टची वाट न पाहता सरळ दवाखाना गाठ.

नवा रिपोर्ट आला की आकड्यासोबत स्मिअरचा शेरा जसाच्या तसा लिहून पाठव. रक्त किती वाजता काढलं आणि किती वाजता मोजलं तेही विचारून ठेव.

तुझा,
विनय