दादाला परत आणता आलं असतं का?

मँचेस्टर

तीर्थरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तासगावात कुणीतरी तुम्हाला सांगितलं की ब्रेन डेड, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडलेल्या, माणसाला जिवंत करायचं संशोधन चाललंय, आणि तुम्ही फोनवर मला विचारलंत, "पोरी, दादाच्या किडन्या देण्यात आपण घाई केली का गं?" काका, नाही केली. पण एवढ्यानं तुमचं समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मिरजेच्या हॉस्पिटलचे दादाचे कागद तुम्ही पाठवले होते ते मी नीट वाचलेत. चार डॉक्टरांच्या सह्या आहेत. तपासणी दोनदा झाली आणि मध्ये सहा तासांहून जास्त वेळ गेला, १९९४ च्या अवयवदान कायद्यात आहे तशी. श्वासाच्या तपासणीत ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू देतात. मेंदूच्या देठात, म्हणजे श्वास चालवणाऱ्या भागात, जराही धुगधुगी असली तर छाती आपोआप वर येते. दादाची दोन्ही वेळेला आली नाही. कोमातल्या माणसाची येऊ शकते. फरक इथेच आहे.

काकीला त्याची बोटं हललेली दिसली, आणि ते तिच्या मनातून जात नाही. तिला सांगा, हललीही असतील. अशी हालचाल पाठीच्या कण्यातून होते, मेंदू गेल्यावरही. इथे आयसीयूत मी ती पाहिलीय, आणि घरच्यांना समजावताना दर वेळी माझा घसा दाटतो.

आता त्या संशोधनाचं. २०१६ साली बायोक्वार्क ही अमेरिकन कंपनी आणि उत्तराखंडात रुद्रपूरची रेविटा यांनी वीस ब्रेन डेड रुग्णांवर प्रयोग करायचं जाहीर केलं होतं. स्टेम सेल (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी), मणक्यात औषधं, लेसर, हातातल्या मज्जातंतूला विजेचे झटके, सगळं एकत्र. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) तो प्रयोग सीटीआरआय या वैद्यकीय प्रयोगांच्या सरकारी नोंदवहीतून काढून टाकला. नियमाप्रमाणे ब्रेन डेड ठरलेला एकही माणूस आजवर परत आलेला नाही.

माझा जीव तुटतो तो संमतीच्या प्रश्नावर. मेलेला माणूस सही करत नाही, घरचे करतात. त्या रात्री तुमच्यापुढे असा कागद आला असता तर तुम्ही सही केलीच असती, मीही केली असती. जिथं नाही म्हणायची ताकदच उरलेली नसते, तिथं घेतलेल्या सहीला संमती कसं म्हणायचं? आणि समजा थोडंसं जमलं, अर्धवट. मेंदूचा एखादा कोपरा जागा झाला, दुखतंय एवढंच कळतंय, बोलता येत नाही. मग तो मेलेला की रुग्ण? थांबायचं कुणी ठरवायचं? आपला कायदा ब्रेन डेथकडे अवयवदानापुरतं बघतो, या प्रश्नांची उत्तरं त्यात नाहीत. ती मिळाल्याशिवाय माणसाला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

संशोधनच नको असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये येल विद्यापीठात कत्तलखान्यातल्या डुकरांच्या मेंदूत, मारल्यावर चार तासांनी, रक्तासारखा द्रव सोडला. काही पेशी पुन्हा काम करू लागल्या, पण शुद्ध असल्याची विद्युत खूण दिसली नाही. ती दिसलीच तर लगेच भूल देऊन थांबायचं, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. असं जपून कुणी पुढं गेलं तर मला आनंदच आहे. अपघातातला एखादा पोरगा ब्रेन डेड होण्याआधीच वाचला, तर त्याहून मोठं काय?

दादाच्या किडन्या तुम्ही दोघांनी दिल्यात. तो निर्णय घाईचा नव्हता, काका. या असल्या बातम्यांनी लोक अवयव द्यायला कचरतील, ही भीती मला जास्त वाटते.

शेजारच्या त्या मुलाच्या वडिलांना "स्टेम सेलनं मेंदू जागा करतो" म्हणून कुणी पैसे मागतंय म्हणालात. त्यांना माझा नंबर द्या. नैतिक समितीची मंजुरी आणि सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक लेखी मागू देत, आणि तो कागद मला दाखवल्याशिवाय सही करू नये म्हणावं. मी रात्रपाळीला असले तरी फोन उचलीन.

काकीला साष्टांग नमस्कार.

तुमची,
छकुली