खुर्चीत बसून गरवता येईल असा धक्का द्या

मा. मंत्री, मत्स्यव्यवसाय व बंदरे, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मासे आणि धक्के ही दोन्ही खाती आपल्याकडेच आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला. एरवी आमचा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि तिथेच मुक्काम करतो.

आम्ही कोकणातले काही पालक आणि मित्रमंडळी दिव्यांगांना गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे धरायला, नेण्याची सहल आखतोय. कुणी चाकाच्या खुर्चीवर आहे, कुणी अंध, तर काही मुलांचे हात सेरेब्रल पाल्सीमुळे थरथरतात. गरवणं बसून करता येतं. शिवाय गरीला मासा लागल्याचं आधी कळतं ते दोरी धरलेल्या बोटाला, त्यामुळे यात अंध माणूस डोळसाच्या तसूभरही मागे नाही. शेंगटी लागली तर तिच्या काट्यापासून जपायचं, तेवढं काम सोबत्याचं.

अडतं ते धक्क्यावर. जुन्या धक्क्यांना पायऱ्या, त्याही शेवाळलेल्या. उधाणाच्या ओहोटीला पाणी पुरुषभर खाली जातं. उताराचं प्रमाण 1:12 धरलं, तर दोन मीटर खाली उतरायला 24 मीटर लांब रॅम्प हवा. तरंगत्या जेटीने प्रश्न सुटतो असं सांगतात, पण तो अर्धाच सुटतो. पाणी उतरलं की जेटी खाली जाते आणि तिच्याकडे नेणारी फळी घसरगुंडीसारखी उभी होते. म्हणून आम्ही तारीख तिथी बघून ठरवतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी. हे कुठल्याही कोळ्याला ठाऊक आहे. जेटीचा आराखडा काढणाऱ्यांनी त्याला विचारायला हरकत नाही.

खरं तर होडीत बसण्याचाही आमचा हट्ट नाही. धक्क्यावरच एक सपाट कोपरा द्या: खुर्ची वळेल एवढा रुंद, चाक घसरू नये म्हणून कडेला उंचवटा, आणि कठडा असा की बसल्या माणसाला त्यावरून दोरी टाकता यावी. उभ्या माणसाच्या छातीएवढा कठडा खुर्चीतल्याच्या नाकासमोर येतो. जवळ रुंद दाराचं स्वच्छतागृह हवं. ते नसलं तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि कोकणातल्या उन्हात ते बरं नव्हे.

सुरक्षेचं आम्ही बघू. लाइफ जॅकेट मान वर धरणारं असेल. पाण्याच्या कडेला खुर्चीचा पट्टा सोडलेला असेल, कारण बांधलेला माणूस खुर्चीसकट बुडतो. प्रत्येकामागे एक पोहणारा सोबती असेल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 29 मध्ये करमणुकीत बरोबरीने भाग घेण्याचा हक्क मान्य केला आहे. त्यामुळे आम्ही मेहेरबानी मागत नाही. आणि कृपा करून याचा महोत्सव करू नका. मांडव, हारतुरे, खुर्च्या वाटतानाचे फोटो यांत दुपार जाते आणि भरती निघून जाते.

सध्या दोनच गोष्टी करा. नव्या जेट्यांच्या आराखड्यात हा कोपरा घाला; आणि जुन्या धक्क्यांवर अशा सहलीला लेखी परवानगी कोण देणार, त्या एका अधिकाऱ्याचं पद जाहीर करा. 1 जून ते 31 जुलैची मासेमारीबंदी आणि पावसाळा सोडून आम्ही डिसेंबरातली अष्टमी धरली आहे. खुर्च्या चढवता येतील अशी बस आधी सांगून ठेवावी लागते, तेव्हा उत्तर दिवाळीपूर्वी मिळावं.

कळावे,
सहलीच्या तयारीतला एक पालक